समुद्र पाहण्यासाठी अर्ज

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. मी तो बोर्ड वाचला, हा माझा गुन्हा नाही. बोर्ड वाचण्यासाठीच लावलेले असतात. त्या गावातली शेकडो माणसं रोज त्या बोर्डाशेजारून जातात-येतात, त्यातला एकजणही मान वर करून बघत नाही, आणि ज्या एका माणसाने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला त्याला सगळ्यांनी मिळून वेड्यात काढलं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आमची ही प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. एकतीस वर्षं तिने पोरांना भरती-ओहोटी शिकवली, फळ्यावर निळ्या खडूने लाटा काढल्या, आणि स्वतः समुद्र म्हणून पाहिलेला नाही. दर वर्षी मी "पुढच्या वर्षी नक्की" असं म्हणायचो, आणि ते मनापासून म्हणायचो. यंदा वर्गातल्या एका चिमुरडीने तिला विचारलं की, बाई, समुद्राचा आवाज कसा असतो. हिला काही सांगता येईना. घरी आली ती पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता बाहेरच्या खोलीत बसून राहिली. मग म्हणाली, "या वर्षाअखेर मी निवृत्त होतेय. त्याआधी मला समुद्र बघायचाय. तुम्हाला जमत नसेल तर मी एकटी जाऊन येते."

हे 'एकटी' मला झोंबलं. मी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे, कारण पुढे जे घडलं त्याचा सगळा दोष तुम्ही या नोकरीलाच द्याल. मी छाननी विभागात आहे. लोकांचे अर्ज आधी माझ्या टेबलावर येतात. मी त्यातल्या चुका शोधतो, प्रत्येक चुकीवर लाल पेन्सिलीने गोल करतो आणि 'त्रुटीपूर्तता करून सादर करावे' असा शेरा मारून अर्ज परत पाठवतो. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावरून पहिल्या फेरीत पुढे गेलेले अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. लोक मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

सहल ठरल्याची बातमी आमच्या इमारतीत कशी फुटली देव जाणे. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे सर्वज्ञ वर आले. हे त्यांचं नाव नव्हे, पण त्यांना दुसरं काही म्हणणं अन्याय होईल. हे गृहस्थ सात वर्षांचे असताना एकदा समुद्रावर गेले होते आणि तेवढ्या पुंजीवर त्यांनी मला दीड तास सल्ला दिला. दोरी घ्या. तुरटी घ्या. डोक्याला बांधायला फडकं घ्या, वारा कानात शिरला की माणूस कामातून जातो. आणि मुख्य म्हणजे पिण्याचं पाणी घ्या, कारण तिथल्या नळालाही खारंच पाणी येतं. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी चक्क वीस लिटरचा कॅन भरून घेतला.

त्या कॅनबद्दल मी फार बोलणार नाही. बसमध्ये त्याचं झाकण सैल झालं आणि पुढच्या सीटखाली ठेवलेली एका व्यापाऱ्याची कापडाची गाठोडी भिजली, एवढंच सांगतो. तो गृहस्थ उरलेले तीन तास मान मागे वळवून माझ्याकडे बघत होता. त्याची मान कशी अवघडली नाही याचं मला आश्चर्य वाटतं. आणि मुक्कामी पोचल्यावर कळलं काय, तर नळाचं पाणी आमच्या घरच्यापेक्षा गोड. ज्यांच्या घरी आम्ही खोली घेतली होती त्या मावशींनी कॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आमच्या गावाचं पाणी चालत नाही का तुम्हाला, असं विचारलं. पहिल्याच मिनिटाला माझी अशी शोभा झाली.

खोली मात्र स्वच्छ होती. दोन खाटा, एक टेबल, खिडकीला निळी जाळी. खिडकीतून सुरूच्या झाडांची दाट रांग दिसायची आणि तिच्या पलीकडून एक सतत घुमणारा आवाज यायचा. ही खिडकीपाशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. म्हणाली, हाच का तो. मी म्हटलं असणार. म्हणाली, मग चला की आत्ताच, पाच मिनिटांवर आहे.

आता इथे माझी भूमिका नीट समजून घ्या. माझ्याजवळ गावाचं माहितीपत्रक होतं. त्यात प्रेक्षणीय स्थळं अनुक्रमांकाने दिलेली होती. एक, धबधबा. दोन, कडा. तीन, समुद्रकिनारा व गुहा. तीन दिवस आणि तीन स्थळं. ज्याने कोणी हे पत्रक तयार केलं त्याने काही विचार करूनच क्रम लावला असेल ना? आधी तीन बघायचं आणि मग एकवर यायचं, हा कुठला कारभार? मी हिला समजावून सांगितलं की चांगली गोष्ट शेवटी ठेवावी. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बॅगा उघडायला घेतल्या.

धबधब्याला पाणी नव्हतं.

पाणी नव्हतं म्हणजे अगदीच नव्हतं असं नाही. तासभर चढून गेल्यावर एक उंच काळा खडक लागला आणि त्याच्या बाजूने गावाला पाणी नेणारा एक पाइप होता. तो पाइप फुटला होता. त्याच्यातून उडणाऱ्या चिळकांडीसमोर उभे राहून चार-पाच कुटुंबं फोटो काढत होती. मी तिथल्या रखवालदाराला विचारलं की पत्रकात तर 'बारमाही' लिहिलंय. तो म्हणाला, पाइप बारमाही फुटलेलाच असतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हिने त्या चिळकांडीखाली हात धरून तोंड धुतलं आणि बरं वाटलं म्हणाली. तिला कशानेही बरं वाटतं, हाच तर माझा त्रास आहे.

दुसऱ्या दिवशी कडा. कड्यावरून संपूर्ण समुद्र एका नजरेत दिसतो असं पत्रक म्हणत होतं. आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की मला कठडासुद्धा दिसेना, तो माझ्या गुडघ्याला लागला तेव्हा कळलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. खालून तोच आवाज येत होता. तासाभराने धुकं थोडं विरळ झालं, ही ताडकन उठून पुढे गेली, आणि पुन्हा सगळं पांढरं झालं.  परतताना उतारावर ती एकदाच म्हणाली की आवाज तर ऐकला, आता निदान तेवढं तरी सांगता येईल. मला जरा कसंसंच झालं. पण उद्या अनुक्रमांक तीनच होता, आणि परतीची बस संध्याकाळी सव्वापाचची, म्हणजे आख्खा दिवस हातात होता. परवा सकाळी तिची शाळा आणि माझी हजेरी, त्यामुळे तेवढाच दिवस होता हेही खरं.

तर तिसऱ्या दिवशी आम्ही दहा वाजता सुरूच्या रांगेपाशी पोचलो. झाडांच्या मधून एक वाट पलीकडे जात होती. वाटेच्या तोंडाशी दोन खांबांवर तो बोर्ड. त्यावर कोणीतरी मासे धरायचं जाळं वाळत घातलं होतं. मी जाळं बाजूला सारलं आणि वाचलं. 'या हद्दीपुढे सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही प्रवेश करू नये. आदेशावरून.'

ही माझ्या पुढे चार पावलं गेली होती. मी तिला मागे बोलावलं. ती म्हणाली, अहो, सगळे जातायत. खरोखरच जात होते. टोपल्या घेतलेल्या बायका, सायकलवरचा पोस्टमन, एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा. मी म्हटलं, सगळे जातायत म्हणून आपण जायचं का? उद्या कोणी हटकलं, चारचौघांत बाहेर काढलं, तर माझी काय अब्रू राहील? मी स्वतः छाननी विभागातला माणूस. अर्ध्या तासाचं काम आहे, सरकारी कार्यालय समोरच आहे, परवानगी घेऊ आणि उजळ माथ्याने जाऊ. तिने त्या वाटेकडे बघितलं. झाडांच्या बुंध्यांमधून पलीकडे काहीतरी चमकत होतं. मग ती मुकाट्याने माझ्या मागून आली.

कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. तीन टेबलं, त्यातली दोन रिकामी, लोखंडी कपाटं, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. तिसऱ्या टेबलामागे एक लिपिक बसला होता. त्याच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. त्यातली एक लाल होती. मला बघताक्षणी त्याच्याबद्दल आदर वाटला. पुढचे साडेसहा तास या आदराचं मी काय करायचं हे मला कळलं नाही.

परवानगी हवीय म्हटल्यावर त्याने चष्मा काढून पुसला. त्याच्या बारा वर्षांच्या नोकरीत कोणी ती मागितली नव्हती. पण मागितली म्हटल्यावर तो मागे हटणारा माणूस नव्हता. त्याने कपाटं उघडली, धूळ उडवली, आणि अर्ध्या तासाने एक पिवळट नमुना शोधून काढला. त्यात 'प्रवेशाचे प्रयोजन' असा रकाना होता. मासेमारी, वाळू, होडीदुरुस्ती, चित्रीकरण, इतर. मी 'इतर'वर खूण करून 'समुद्र पाहणे' असं लिहिलं. तो म्हणाला, इतर असेल तर कारणांचा तपशील वेगळ्या कागदावर लागतो. मी वेगळ्या कागदावर तपशील लिहिला. समुद्र का पाहायचा याची कारणं लिहायला बसलात तर तुम्हालाही कळेल की दुसऱ्या ओळीनंतर काही सुचत नाही. मी सात ओळी लिहिल्या.

त्याने अर्ज वाचला. सावकाश वाचला. मग लाल पेन्सिल उचलली.

मी आजवर हे टेबलाच्या त्या बाजूने पाहिलं होतं. या बाजूने ते फार वेगळं दिसतं. त्याने तीन गोल केले आणि अर्ज माझ्याकडे सरकवत म्हणाला, "त्रुटीपूर्तता करून आणा."

हे शब्द माझे आहेत. सव्वीस वर्षं वापरून मी ते गुळगुळीत केलेत. आणि त्यानेही ते अगदी तसेच म्हटले, आवाज न चढवता, वर न बघता. माझ्या कानशिलात कोणी वाजवावी तसं मला झालं.

पहिली त्रुटी, व्यक्ती दोन पण सही एक. ती हिने बाकावरून उठून पूर्ण केली. दुसरी, तारीख आकड्यांत आहे, अक्षरांतही हवी. तिसरी मात्र भारी होती. नमुन्यात विचारलं होतं, 'पोहता येते काय?' आणि मी खरं ते लिहिलं होतं, की नाही. ज्याला पोहता येत नाही त्याला पोहता येणाऱ्या स्थानिक व्यक्तीचं हमीपत्र लागतं. मी म्हटलं, अहो, मी पाण्यात उतरणारच नाही, नुसता बघणार आहे. तो म्हणाला, तसा रकाना नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

म्हणून ही गेली आणि मावशींना घेऊन आली. मावशी लहानपणापासून पोहतात. त्यांनी सही केली आणि मला विचारलं की तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना. माझ्या बायकोसमोर.  मावशी म्हणाल्या, मी समुद्रावरच निघालेय, जाळं गोळा करायला, येताय का दोघं? तेवढ्यात लिपिकाला चौथी त्रुटी सापडली होती, हमीपत्रावर हमी देणाऱ्याचं वय नव्हतं, आणि मी त्याच्याशी त्या मुद्द्यावर बोलत होतो. मागून ही काहीतरी म्हणाली. मी म्हटलं थांब, सही व्हायचीय. ती पुन्हा काहीतरी म्हणाली. मी हात वर केला. वळून बघितलं तेव्हा बाक रिकामा होता.

एक वाजता लिपिकाने 'भोजनाची सुट्टी' अशी पाटी टेबलावर उभी केली आणि डबा उघडला. तत्त्व म्हणून मला ते पटलं. दोन वाजता त्याने पाटी उचलली, अर्जाला पिन लावली, टिपणी लिहिली, आणि मग म्हणाला की आता साहेबांची सही राहिली. साहेब कुठे आहेत? साहेब स्थळपाहणीला गेलेत. कुठे? त्याने खिडकीतून बोट दाखवलं. साहेब समुद्रावर होते.

मी म्हटलं, मग मीच जाऊन तिथे सही घेऊन येतो. तो विचारात पडला. मीही पडलो. तिथे जायचं तर बोर्डापलीकडे पाऊल टाकावं लागणार, आणि पाऊल टाकायला परवानगी हवी, आणि परवानगीवर सही करणारा पलीकडे. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "नाही साहेब, तसं करता यायचं नाही," तो म्हणाला. आणि मी मान डोलावली. हो, मी डोलावली. त्या क्षणी त्या खोलीत नियम कळणारी दोनच माणसं होती आणि त्यातला एक मी होतो. मी परत बाकावर जाऊन बसलो आणि झाडांमागून येणारा तो आवाज ऐकत राहिलो.

साहेब आले पावणेपाचला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात शिंपले. त्यांना आधी काही समजेना. मग समजलं तेव्हा ते खुर्चीवर बसलेच. म्हणाले, तो बोर्ड मागे कधीतरी धक्क्याचं बांधकाम चालू होतं तेव्हाचा आहे, काम संपून पंधरा वर्षं झाली, काढायचा राहून गेला. पुढच्या आठवड्यात काढणारच होतो. पण आता तुमचा अर्ज आलाय म्हणजे लोक त्याचं पालन करतात असं दिसतंय. आता कसा काढणार? रंगवून घ्यावा लागेल. लिपिकाने ते टिपून घेतलं. आणि साहेबांनी माझ्या परवानगीवर सही केली. दोन व्यक्ती, फक्त आजचा दिवस, सूर्यास्तापर्यंत.

मी कागद घेऊन दाराबाहेर आलो, तर समोरून ही येत होती. चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत ओली, केस वाऱ्याने विस्कटून चेहऱ्याभोवती पसरलेले. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. तिला असं मी फार वर्षांत बघितलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मग वाईट वाटलं. तिच्या मागे मावशी आमच्या दोन्ही बॅगा घेऊन येत होत्या आणि बस सुटतेय म्हणून ओरडत होत्या.

बस धावत गाठली. गाडी लगेच गावाकडे पाठ फिरवून डोंगराला लागली. मी सुरुवात केली. त्या साहेबाविरुद्ध मी लेखी तक्रार करणार, पत्रक छापणाऱ्याला कोर्टात खेचणार, बोर्डाखाली दिनांक नाही हीच मुळात एक त्रुटी आहे. हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी दोनदा हाक मारली तुम्हाला."

"मग हाताला धरून का नाही नेलंस?"

"आला असतात?"

मी खिशातला परवानगीचा कागद काढला आणि पुन्हा घडी घालून मांडीवर ठेवला. बाहेर अजून ऊन होतं, म्हणजे तो अजून वैध होता. माझ्या बायकोला मी समुद्र दाखवायला नेलं आणि तिने तो माझ्याशिवाय पाहिला, हे मला पहिल्यांदा नीट उमगलं. तिला एकटीने जायचं नव्हतं, म्हणून तर तिने दोनदा हाक मारली होती.

शेजारच्या सीटवर एक वयस्कर बाई बसल्या होत्या, मधल्या कुठल्याशा गावच्या. आमच्या बॅगांकडे बघून त्यांनी हिला विचारलं, की फिरायला आला होतात का, समुद्र बघितला का.

"बघितला की," ही म्हणाली. "आम्ही दोघांनी मिळून बघितला. सकाळपासून तिथेच होतो."

माझी मान झटकन वर झाली. हे धडधडीत खोटं होतं. माझ्यासमोर, माझ्याच नावावर. हिने माझ्याकडे बघितलं नाही. फक्त वाळू लागलेला हात माझ्या मांडीवरच्या त्या कागदावर ठेवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मी एक खोटं निवेदन आक्षेप न घेता पुढे जाऊ दिलं.

त्या बाईंनी आता मला विचारलं, "काय हो, कसा वाटला?"

 हिने माझ्या कानाशी वाकून अगदी हळू आवाजात सांगितलं, आणि मी तेच त्यांना सांगितलं.

"फार मोठा आहे," मी म्हटलं. "आणि जवळ गेलं की पायाखालची वाळू सरकते."